रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज

आमच्या मळ्यात विहिरीजवळ मोटारीची खोली आहे. तिच्या ओट्यावर रोज पाच वाजता बैठक बसते. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून झाल्या, हात धुतले, चहा आला, की एक जण काहीतरी सोडतो. त्यावर दुसरा सोडतो. किस्से असेच वाढतात भो, बांधावरच्या गवतासारखे. पेरत कोणी नाही, आणि कापून संपत नाही.

त्यातले निम्मे एकाच गाडीचे आहेत. मी ते हसवायला म्हणून सुरू करतो. मग मधेच कोणीतरी विचारतं, "बंट्या, खरं का रे हे?" आणि मग चहा तसाच राहतो हातात.

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे मोठे काका. रस्त्याकडचा दोन एकराचा तुकडा बिल्डरला गेला, आणि आयुष्यभर मोपेड चालवलेल्या माणसानं एकदम मुंबईहून सेकंडहँड फॉरेनची गाडी उचलली! काळी, लांबलचक, आत पांढऱ्या लेदरच्या सीटा. सहा सिलेंडर, तीन हजार सीसी. डिकीत सहा सीडींचा डबा. नुसती उभी असली तरी पळतेय असं वाटायचं.

मुंबईचा एजंट स्वतः गाडी घेऊन मळ्यात आला. काकूनं ओवाळलं, टायरखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. सगळं झाल्यावर अण्णांनी विचारलं, "ॲव्हरेज काय देते?"

एजंट हसला. "साहेब, ही गाडी घेणारे लोक ॲव्हरेज विचारत नाहीत."

"मग विकतात कशाला?" अण्णा बोलले.

एजंटचं हसू जे गेलं, ते परत आलंच नाही. काकू म्हणाली जेवून जा, तर नको. अण्णा म्हणाले, "थांबा, आपल्याच गाडीतून स्टँडवर सोडतो तुम्हाला."

"नाही नाही, मी चालत जातो," एजंट म्हणाला.

भर उन्हात! पायात कडक बूट! रिक्षा मिळते त्या रस्त्यापर्यंत आमच्याकडून दीड किलोमीटर. गडी चालत गेला, आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही.

*

आता अण्णांची ॲव्हरेज काढायची पद्धत ऐका. टाकी टू टाकी!

म्हणजे सलीमच्या पंपावर जायचं. सलीम माझा दोस्त, तिथं पेट्रोल भरायला आहे. टाकी गळ्यापर्यंत भरायची. गाडी फिरवून आणायची. परत त्याच पंपावर, त्याच नळीनं गळ्यापर्यंत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं जळालं. किलोमीटर भागिले लिटर. मी दहावीला गणितात दोनदा गेलो, पण हा भागाकार मला झोपेतून उठवून विचारा.

गळ्यापर्यंत म्हणजे खरंच गळ्यापर्यंत. टाकीत हवा राहते म्हणून अण्णा आम्हाला दोन्ही बाजूंनी गाडी हलवायला लावायचे. बुडबुडे आले की अजून थोडं पेट्रोल. परत हलवायची. लाखांची गाडी, आणि आम्ही चार जण तिला डुलवतोय!

सलीम बोलला, "अण्णा, भरायची आहे का झोपवायची आहे?"

पहिली ट्रिप वणीला, देवीच्या दर्शनाला. मागे अण्णा, काकू आणि काकूची बहीण, पुढे मी, आणि स्टेअरिंगवर निवृत्तीभाऊ. निवृत्तीभाऊ आमचा ड्रायव्हर. आधी वीस वर्षं आमचा भाजीचा टेम्पो तोच चालवायचा. दिंडोरीकडचा माणूस. बोलणं कमी, पन्नासच्या वर स्पीड नाही.

परत येऊन टाकी भरली. भागाकार केला. नऊ पॉइंट चार! अण्णांनी पंपावर पेढे वाटले. हवा भरणाऱ्यालाही दिला.

दुसऱ्या दिवशी कळलं की काकूच्या बहिणीचा चष्मा आमच्याकडे राहिला. ती राहते वणीला, कालच्या ट्रिपला तिथंच उतरली होती. निवृत्तीभाऊ एकटाच गाडी घेऊन गेला, चष्मा दिला, एकटाच परत आला. तोच रस्ता, तोच पंप, तीच नळी.

भागाकार केला. पाच.

अण्णांनी परत केला. परत पाच! "पाच माणसं बसली तर नऊ, आणि रिकामी असली तर पाच? उलटं कसं?"

सलीम नळी अडकवत बोलला, "माणसांची सवय असेल हो तिला. एकटीला करमत नसेल."

आम्ही सगळे हसलो. निवृत्तीभाऊ नाही हसला.

*

पुढचा महिनाभर तेच. अण्णा मागे बसले की नऊ. कधी साडेनऊ. निवृत्तीभाऊ एकटा गेला की पाच. अण्णा घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी आकडे लिहायचे, आणि रोज संध्याकाळी ते आकडे बघत बसायचे.

काकू बोलली, "गाडीला दृष्ट दुसऱ्या कोणाची नाही लागली. तुमचीच लागली!"

शेवटी अण्णांनी निवृत्तीभाऊला ओट्यासमोर उभं केलं. सगळ्यांदेखत.

"मी बसलो की नऊ. तू बसला की पाच. मधलं पेट्रोल कोण पितं?"

"मी चहा बी पीत नाय अण्णा."

"तोंड उघड!"

आयला, अण्णांनी खरंच तोंडाचा वास घेतला! नळी तोंडानं ओढून पेट्रोल काढतात ना, म्हणून. साठीला आलेला माणूस तोंड उघडून उभा, आणि अण्णा नाक लावून बघतायत. तंबाखूचा वास आला. बाकी काही नाही.

मी हसलो तेव्हा. खोटं का बोलू? पण निवृत्तीभाऊनं तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

*

मग अण्णांनी मला हेर म्हणून पाठवलं. "बंट्या, तू पुढे बस. कुठं थांबतो, कोणाला भेटतो, डोळे उघडे ठेव."

वणीला दोन पोती बियाणं सांगून यायचं होतं, एवढंच काम. सकाळी दहाला निघालो. मी मोबाईलवर सापाचा गेम खेळत एक डोळा निवृत्तीभाऊवर ठेवलेला. जाताना काही नाही. काम झालं, परत फिरलो.

त्या गाडीत मीटरजवळ एक छोटा काटा होता. या घडीला किती पेट्रोल खातेय ते दाखवायचा. मी त्याला तहानेचा काटा म्हणायचो. पाय दाबला की तहान वाढते, सोडला की कमी होते. दिंडोरीच्या अलीकडे सपाट रस्ता आहे. स्पीड पन्नास. निवृत्तीभाऊचा पाय जिथल्या तिथं. तरी तहानेचा काटा हळूहळू सरकायला लागला. चढ नाही, एसी नाही, काही नाही. काटा गेला तो पार शेवटाला जाऊन टेकला.

आणि माझ्या सीटला मागून गुडघा लागला.

एसटीत मागच्याचा लागतो ना, तसा. बसताना कोणी जरा सावरून बसलं की लागतो तसा. मी गर्रकन वळलो. मागे कोणी नाही. पांढरी सीट, त्यावर खिडकीतलं ऊन.

"निवृत्तीभाऊ, मागे काही ठेवलंय का?"

"नाय."

तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. मधला आरसा त्यानं पार खाली वाकवून ठेवलेला. त्यात फक्त गिअर दिसत होता.

"आरसा का असा केलाय?"

"मागचं ऊन डोळ्यावर येतं."

ऊन तर समोरून येत होतं! सापाचा गेम तिथंच मेला.

पंपावर भागाकार केला. पाच पॉइंट एक.

अण्णांना रिपोर्ट दिला, "कुठंच थांबला नाही. कोणाला भेटला नाही. टाकीला हात नाही लावला."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "तुला पण वाटा मिळतो काय रे?"

*

आता माझी करामत. मला वाटलं, एवढं चाललंच आहे तर ॲव्हरेज अजून पाडू. चारवर आणू! अण्णा कॅलेंडर फाडतात की नाही ते बघू!

दुपारी सगळे आडवे झाले होते. निवृत्तीभाऊला त्र्यंबकला जाऊन अण्णांच्या साडूला डबा द्यायचा होता. मी तीन पोती कोबी मागच्या सीटवर नीट बसवली आणि वरून चादर टाकली. सव्वाशे किलो तर असेलच! निवृत्तीभाऊनं दार उघडलं, चादर बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेला.

संध्याकाळी भागाकार केला. आठ पॉइंट आठ!

माझं डोकंच आउट झालं. वजन टाकलं तर पेट्रोल वाचलं?

मग मी हट्टालाच पेटलो. पुढच्या वेळी तीच पोती डिकीत ठेवली. पाच! परत सीटवर, साडेआठ! एक दिवस सीटवर नुसत्या रिकाम्या जाळ्या रचल्या, टोमॅटोच्या, प्लॅस्टिकच्या. वजन काहीच नाही त्यांना. नऊ!

सलीमला जाऊन बोललो, "अरे, ही गाडी वजनावर पेट्रोल खात नाही. जागेवर खाते!"

सलीमनं नळीचा घोडा सोडला. "म्हणजे काय?"

"म्हणजे मागे जागा मोकळी सोडली की खाते."

तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून सलीम मागची काच पुसायचा नाही. पुढची पुसायचा, बाजूची पुसायचा, मागे फडकं नेतच नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर निवृत्तीभाऊ स्वतःच सीटवर जाळ्या रचतोय!

"तुला कळलं?" मी बोललो.

"मला पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय."

"मग अण्णांना सांग ना!"

त्यानं जाळी खाली ठेवली. "काय सांगू बंटीशेठ? वीस वर्सं टेम्पो चालवला. एक जुडी कमी नाय आली कधी. आता सांगितलं तं येडा ठरंल, नाय सांगितलं तं चोर. येडा ठरलो तं गाडी सुटंल. चोर ठरलो तं गावात तोंड दाखवायला जागा नाय. पोरगा पंचायतीत शिपाई हाय माझा. त्याला काय म्हणतील?"

"मग हे जाळ्यांचं बरं आहे. रोज ठेव."

"हां. जागा भरलेली असली म्हंजे बरं."

बरं आठ दिवसच चाललं. काकूला पांढऱ्या सीटवर टोमॅटोचा डाग दिसला, आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. अण्णांनी हुकूम काढला, "या गाडीत यापुढे भाजीचं पान चढलेलं दिसायला नको! ही गाडी आहे, टेम्पो नाही!"

गाडी परत रिकामी फिरायला लागली. परत पाच.

*

मधे अण्णांनी मेकॅनिक पण बोलावला. साधा नाही, लॅपटॉपवाला! मुंबई नाक्याकडून आला. पोरगा हुशार होता, गॉगल डोक्यावर. त्यानं स्टेअरिंगखाली वायर लावली आणि दोन तास लॅपटॉपवर बोटं आपटत बसला. अण्णा बाजूला खुर्ची टाकून, डॉक्टरला विचारतात तसं दर पाच मिनिटांनी, "काय निघालं?"

शेवटी त्यानं वायर काढली. "इंजिन एकदम ओके आहे. प्लग ओके, फिल्टर ओके. एवढ्या जुन्या गाडीचं इतकं क्लीन इंजिन मी बघितलं नाही काका. नऊच्या खाली जायला नको."

अण्णांनी निवृत्तीभाऊकडे बघितलं. निवृत्तीभाऊनं जमिनीकडे.

मेकॅनिक डबा आवरत बोलला, "फक्त मागचा डावीकडचा सीटबेल्ट बदलून घ्या. पार झिजलाय, दोरे सुटलेत. बाकीचे कोरे आहेत."

काकू बोलली, "मागे कोण बेल्ट लावतं? आम्हाला तर तो कुठं असतो हे पण माहीत नाही!"

"आधीच्या मालकाचं असेल मग," मी बोललो.

"नाही," मेकॅनिक म्हणाला. "झीज ताजी आहे."

*

आता शेवटचा. हा मी ओट्यावर एकदाच सांगितलाय.

मेकॅनिक गेला आणि अण्णांची खात्रीच झाली. इंजिन चांगलं आहे, मग पेट्रोल माणूसच खातोय. त्यांनी नवीनच काढलं, "तू अन् तो पंपावरचा सलीम मिळालेले आहात. मीटर जास्त फिरवतो तो. आता पंप नकोच. काट्यावर घेऊ!"

दिंडोरी रोडला भुईकाटा आहे, ट्रक सगळाच्या सगळा चढवून वजन करतात तो. जमिनीत लोखंडी पत्रा, बाजूला खोली, खोलीत काट्यावरचे नाना, आणि भिंतीवर बाहेरून दिसतील असे मोठे लाल आकडे. पाच-पाच किलोच्या टप्प्यानं फिरतात.

अण्णांनी हिशेब आधीच मांडला, सगळ्यांसमोर. "वणी जाऊन येऊन नव्वद किलोमीटर. गाडी खरंच पाचचं देत असेल तर अठरा लिटर जळेल. म्हणजे वजन तेरा-चौदा किलो कमी होईल. तसं झालं तर गाडी खादाड अन् निवृत्ती तू साफ. मी तुझी माफी मागेन. पण गाडी नऊचं देत असेल तर सात-आठच किलो कमी होईल. मग चावी इथंच ठेवायची, अन् तुझ्या पोराला मी स्वतः सांगेन का काढलं ते."

निवृत्तीभाऊ एवढंच बोलला, "चालंल."

मी बोललो, "अण्णा, ट्रकच्या काट्यावर पेट्रोल मोजायचं म्हणजे..."

"तू गणितात किती वेळा गेला रे?"



गुरुवारी सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी काट्यावर चढवली. डिकी रिकामी, सीटा रिकाम्या, निवृत्तीभाऊ खाली. लाल आकडे फिरले आणि थांबले. १६५०. नानांनी चिठ्ठी फाडली, अण्णांनी घडी करून खिशात ठेवली.

निवृत्तीभाऊ एकटा गाडीत. मागून टेम्पोत अण्णा आणि मी, टेम्पो आमचा नवा पोरगा चालवत होता. अण्णांनी वणीपर्यंत डोळ्याची पापणी हलवली नाही. गाडी कुठं थांबली नाही. वणीच्या वेशीवरून तशीच वळली, परत निघाली.

दिंडोरीच्या अलीकडे, त्याच सपाट पट्ट्यात, गाडीचा ब्रेकलाईट लागला. गाडी जवळजवळ थांबली. एक, दोन, तीन मोजाल एवढंच. मग लाईट विझला आणि परत पन्नास.

"काय झालं?" अण्णा.

"खड्डा असेल," मी बोललो.

पुढे आम्ही त्याच जागेवरून गेलो. रस्ता नवा होता. तव्यासारखा गुळगुळीत.

बाराच्या सुमारास काट्यावर पोचलो. ऊन असं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. दुसरी गाडी नाही, माणूस नाही. निवृत्तीभाऊनं गाडी पत्र्यावर घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरला, दार लावलं, लांब जाऊन उभा राहिला.

आकडे फिरले. थांबले.

१६८०.

"चढलं?" अण्णा पुटपुटले. "कमी व्हायचं तर तीस किलो चढलं?"

नाना खिडकीतून डोकावले. "आत काय आहे?"

डिकी उघडली. रिकामी. स्टेपनी उचलून बघितली. खाली काही नाही. पुढच्या सीटखाली मी हात घातला, गाडीखाली वाकून बघितलं. मागचं दार उघडायला मात्र कोणी गेलं नाही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण नाही गेलं. काचेतून सगळं दिसतच होतं. पांढरी सीट, रिकामी.

"तुमचा काटा बिघडलाय नाना," अण्णा बोलले.

नाना चिडले. बाहेर आले, स्वतः पत्र्यावर चढले. १७५०. उतरले. १६८०. "माझं वजन सत्तर. तीस वर्षं काटा चालवतो मी. निवृत्ती, गाडी खाली घे. शून्य दाखवतो यांना!"

निवृत्तीभाऊ बसला. गाडी सुरू केली, हळूच पत्र्यावरून खाली उतरवली, आणि दहा-बारा पावलांवर लिंबाच्या सावलीत उभी केली.

पत्रा मोकळा. त्यावर फक्त ऊन.

लाल आकडे फिरले आणि थांबले.

४५.

नानांनी आत जाऊन मशीनवर थाप मारली. ४५. दुसरी मारली. ४५. त्यांनी खिडकीतून पत्र्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. वारा नव्हता. पत्र्यावर साधं पान नव्हतं. आणि आकडा जरा हलला, पन्नास झाला, परत पंचेचाळीस. उभं राहून कंटाळल्यावर माणूस या पायावरून त्या पायावर होतो ना, तसा.

अण्णांकडे बघितलं, तर त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत.

"सोळाशे ऐंशी," अण्णा हळू आवाजात मोजत होते. "त्यातून पंचेचाळीस गेले... सोळाशे पस्तीस. सकाळी सोळाशे पन्नास. पंधरा."

खिशातली चिठ्ठी काढली, बघितली, परत ठेवली.

"पंधरा किलो कमी झालंय," अण्णा मोठ्यानं बोलले. "निवृत्ती, तू साफ आहेस. चुकलो मी."

निवृत्तीभाऊ गाडीतून उतरला, मागून वळसा घालून डावीकडे गेला, मागचं दार उघडलं, आणि दार धरून उभा राहिला. मान थोडी खाली. आम्ही कोणीच हललो नाही.

भिंतीवरचा आकडा गेला. शून्य.

निवृत्तीभाऊनं दार अलगद लावलं. आवाज न करता. मग आमच्याकडे वळला.

"अण्णा, बसता ना?"

अण्णांनी मागच्या काचेकडे बघितलं. लाखांची गाडी, स्वतःची.

"नको," अण्णा बोलले. "असू दे. मी टेम्पोनं येतो."

गाडी निघाली. मागून डाव्या अंगाला जराशी दबलेली. रस्त्याला लागायच्या आत अण्णा चार पावलं पळत पुढे गेले आणि ओरडले,

"निवृत्ती! पेट्रोल लागेल तेवढं टाक! अन् हळू ने रे!"